झेनखाली बूट केल्यावर मायक्रोकोड जुनाच का दिसतो, आणि तो नेमका कुठे चढवायचा

प्रश्न असा आहे. सर्व्हरवर झेन हायपरवायझर आहे, म्हणजे एका मशीनवर अनेक आभासी मशीनं (गेस्ट) चालवणारा थर. डोम-झीरोमध्ये, म्हणजे बाकीच्यांचा कारभार बघणाऱ्या खास गेस्टमध्ये, डेबियन लिनक्स. मायक्रोकोडचं, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या बदलता येणाऱ्या कोडचं, पॅकेज टाकलं, इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत येणारी छोटी फाइलसिस्टम) नव्याने तयार झाली, मशीन रीबूट केलं. ग्रबमधून (बूटचा मेनू दाखवणारा प्रोग्रॅम) साधं लिनक्स निवडलं की नवी आवृत्ती लागलेली दिसते. झेनची नोंद निवडली की मात्र बायॉसने चढवलेली जुनीच. गेस्टमध्येही तेच पॅकेज टाकून पाहिलं, काही फरक पडला नाही. पॅकेज खराब आहे का? बायॉस अपडेट करायचा का?

पॅकेज चांगलं आहे. साध्या लिनक्सखाली नवी आवृत्ती लागते, म्हणजे फाइल तुमच्या प्रोसेसरचीच आहे आणि प्रोसेसर ती स्वीकारतोय, हे दोन्ही तिथेच कळलं. अडलंय ते एका गोष्टीवर: बायॉसनंतर प्रोसेसर कोणाच्या हाती जातो? मायक्रोकोड त्यानेच चढवायचा असतो. साध्या बूटमध्ये तो लिनक्स कर्नल. तुमच्या दुसऱ्या नोंदीत तो झेन, आणि झेनला तुम्ही अजून काही सांगितलेलंच नाही.

(खाली कमांड आणि पर्यायांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत जातील. 'यूकोड' म्हणजे यू, सी, ओ, डी, ई ही पाच अक्षरं सलग.)

आधी यामागचं कारण, कारण ते डोक्यात बसलं की पुढच्या निम्म्या चुका होतच नाहीत. मायक्रोकोडचा पॅच प्रोसेसरमध्ये कायमचा लिहिला जात नाही. आत त्यासाठी थोडीशी रॅम असते, पॅच तिथे बसतो आणि रीसेट झाला की पुसला जातो. त्यामुळे प्रत्येक बूटला तो कोणीतरी नव्याने चढवावाच लागतो. पहिली पाळी बायॉसची. त्याच्या चिपमध्ये जी आवृत्ती असेल ती तो लावतो. त्यानंतर जो येतो त्याच्याकडे अधिक नवी आवृत्ती असेल तर तो ती वर चढवतो. मधे रीसेट नसेल तर पॅच टिकतो. म्हणून केएक्झेकने (रीसेट न करता थेट दुसरा कर्नल सुरू करणारी सोय) कर्नल बदलून चाचणी घेऊ नका: आधीच्या कर्नलने चढवलेला पॅच तसाच दिसेल आणि सगळं जमलं असा गैरसमज होईल. चाचणी पूर्ण रीबूटनेच.

इंटेलवर चढवण्याची क्रिया अशी: पॅच मेमरीत १६ बाइटच्या सीमेवर ठेवायचा आणि त्यातल्या डेटाचा पत्ता हेक्स ७९ या एमएसआरमध्ये (प्रोसेसरच्या आतलं खास रजिस्टर) लिहायचा. प्रोसेसर पॅचवरची सही तपासतो, जुळली तर घेतो. लागलेली आवृत्ती हेक्स ८बी या एमएसआरमधून वाचायची. एएमडीवर लिहायचा एमएसआर वेगळा, हेक्स सी००१००२०. आवृत्ती वाचायची जागा मात्र तीच, ८बी. हे लिखाण प्रत्येक कोअरवर व्हावं लागतं. एका कोअरवर झालं की सगळीकडे पोचलं, असं होत नाही.

आता डोम-झीरोकडे बघा. त्याच्याकडे अधिकार जास्त असले तरी झेनच्या दृष्टीने तोही एक गेस्टच. त्याला दिसणारे प्रोसेसर आभासी असतात. मशीनवर ३२ कोअर असताना डोम-झीरोला ४ आभासी प्रोसेसर दिले असतील, तर तो उरलेल्या कोअरवर लिहिणार तरी कसा? शिवाय आत्ता ज्या कोअरवर आहे त्यावरून झेन त्याला पुढच्या क्षणी दुसरीकडे हलवू शकतो. म्हणूनच डोम-झीरोने ७९ मध्ये काही लिहिलं तरी झेन ते प्रोसेसरपर्यंत जाऊ देत नाही. डोम-झीरोच्या डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) मायक्रोकोड अपडेट झाल्याची ओळ नसते, ती याच कारणाने. तिथे ती शोधण्यात वेळ घालवू नका.

झेन उठतो तेव्हा त्याच्याकडे डिस्क वाचायची सोय नसते, फाइलसिस्टम नसते. ग्रबने जे मॉड्यूल म्हणून मेमरीत आणून ठेवलं तेवढंच त्याचं जग: पहिलं मॉड्यूल डोम-झीरोचा कर्नल, दुसरं त्याची इनिट्रॅमएफएस. सुदैवाने मायक्रोकोड त्या इनिट्रॅमएफएसमध्येच असतो. डेबियन, फेडोरा वगैरे मंडळी इनिट्रॅमएफएसच्या अगदी सुरुवातीला एक छोटं, न दाबलेलं सीपीआयओ संग्रह (अनेक फाइली एकत्र बांधलेला गठ्ठा) जोडतात. त्यात कर्नल, एक्स८६, मायक्रोकोड अशा एकात एक फोल्डरमध्ये इंटेलसाठी जेन्युइनइंटेल-डॉट-बिन किंवा एएमडीसाठी ऑथेंटिकएएमडी-डॉट-बिन ही फाइल असते. मुख्य, दाबलेला भाग त्याच्यामागे येतो. पुढचा भाग न दाबलेला ठेवतात, कारण त्या क्षणी उलगडणारा कोड अजून चालूच झालेला नसतो.

म्हणजे फाइल झेनच्या समोरच पडलेली आहे. ती शोध असं त्याला सांगायचं, आणि ते सांगणारा पर्याय म्हणजे 'यूकोड=स्कॅन'. हा दिला की झेन सगळी मॉड्यूलं चाळतो, वरच्या नावाची फाइल सापडली की बूट होणाऱ्या पहिल्या कोअरवर चढवतो, आणि बाकीचे कोअर जसजसे उठतात तसतशी त्यांच्यावरही. स्कॅन मुळातच चालू ठेवायचं की बंद, हे झेन कंपाइल करताना ठरवता येतं. त्यामुळे एखाद्या वितरणात हे आपोआप होतं आणि दुसऱ्यात होत नाही. आपोआप होत असेल असं धरून चालण्यापेक्षा पर्याय स्पष्ट लिहावा.

लिहायचा कुठे, यात सगळ्यात जास्त लोक चुकतात. ग्रबच्या डीफॉल्ट फाइलमध्ये लिनक्सच्या कमांड लाइनची एक ओळ असते आणि झेनच्या कमांड लाइनची वेगळी. हा पर्याय झेनच्या ओळीत जायला हवा. चलाचं नाव ग्रब, सीएमडीलाइन, झेन, डीफॉल्ट असं, मधे अंडरस्कोर, सगळी मोठी अक्षरं. लिनक्सच्या ओळीत लिहिलात तर तो डोम-झीरोच्या कर्नलला मिळेल, कर्नल त्याला न ओळखता पुढे जाईल, आणि बूट न अडता तुम्ही आहात तिथेच राहाल. बदल केल्यावर अपडेट-ग्रब चालवा आणि तयार झालेली ग्रबची कॉन्फिग फाइल उघडून डोळ्यांनी बघा: मल्टिबूट२ ने सुरू होणाऱ्या ओळीत, झेनच्या फाइलनावाच्या पुढे, यूकोड=स्कॅन दिसायला हवं. मॉड्यूल२ च्या ओळीत दिसलं तर जागा चुकली.

रीबूट करण्याआधी इनिट्रॅमएफएसमध्ये ती फाइल खरंच आहे ना, तेही बघून घ्या. तुमच्याकडे साधं लिनक्स ती लावतंय म्हणजे आहेच, पण झेनची नोंद दुसऱ्या कर्नलची जुनी इनिट्रॅमएफएस उचलत असेल तर चित्र बदलतं. डेबियनवर त्यासाठी एलएस-इनिट्रॅमएफएस, ड्रेकट (इनिट्रॅमएफएस बनवणारं साधन) वापरणाऱ्यांकडे एलएस-इनिटआरडी. काहीच हाताशी नसेल तर नुसत्या सीपीआयओला यादी दाखवायचा पर्याय देऊन इनिट्रॅमएफएस त्याच्या इनपुटला द्या. तो पहिला संग्रह संपला की थांबतो, त्यामुळे मायक्रोकोडच्या तीन-चार ओळी तेवढ्या दिसतात. त्या न दिसता सगळ्या रूट फाइलसिस्टमची यादी किंवा कचरा आला, तर पुढचा भाग जोडलेलाच नाही.

ड्रेकटबद्दल एक इशारा. 'होस्टओन्ली' प्रकारात तो फक्त ज्या मशीनवर चालतोय त्याच्या प्रोसेसरचा मायक्रोकोड आत घालतो. इमेज एका मशीनवर बनवून दहा सर्व्हरवर पाठवत असाल आणि ते दहा वेगवेगळ्या पिढ्यांचे असतील, तर बनवणाऱ्या मशीनच्या पिढीलाच पॅच मिळेल. अशा ठिकाणी होस्टओन्ली बंद ठेवून सगळ्या फाइली आत घ्याव्यात. इमेज थोडी फुगते, पण तेवढं चालतं.

आर्चसारख्या पद्धतीत मायक्रोकोडची इमेज वेगळी ठेवली असेल तर आणखी एक खड्डा आहे. लिनक्ससाठी ग्रबच्या इनिटआरडी ओळीत एकापाठोपाठ दोन फाइली लिहिता येतात, ग्रब त्या जोडून देतो. मॉड्यूल२ चं तसं नाही. तो पहिला शब्द फाइल मानतो आणि पुढचं सगळं त्या मॉड्यूलचे पर्याय. म्हणजे तुम्ही मॉड्यूल२ समोर आधी मायक्रोकोडची इमेज आणि मग इनिट्रॅमएफएस लिहिलीत, तर खरी इनिट्रॅमएफएस लोडच होत नाही आणि डोम-झीरोला रूट सापडत नाही. मायक्रोकोडच्या इमेजला स्वतंत्र मॉड्यूल२ ओळ द्या, आणि ती इनिट्रॅमएफएसच्या ओळीच्या खाली ठेवा. वर ठेवलीत तर झेन तिलाच इनिट्रॅमएफएस समजून डोम-झीरोला देईल, कारण कर्नलनंतरचं पहिलं बेवारस मॉड्यूल तो इनिट्रॅमएफएस मानतो. लॉगमध्ये इनिट्रॅमएफएससाठी एकाहून जास्त उमेदवार असल्याची ओळ दिसली तर ती याचीच खूण.

स्कॅनऐवजी आकडाही देता येतो. यूकोडला २ दिलं तर दोन क्रमांकाचं मॉड्यूल, मोजणी शून्यापासून. उणे १ दिलं तर शेवटचं. शून्य चालत नाही, कारण ती जागा कर्नलची. या पद्धतीत मॉड्यूल म्हणजे सीपीआयओ न घेता थेट मायक्रोकोडची कच्ची फाइल द्यायची असते. उद्या कोणी मॉड्यूलांचा क्रम बदलला की आकडा चुकतो, म्हणून मी स्कॅनच सुचवतो.

यूईएफआयवर (बायॉसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर) ग्रबला वगळून झेनची ईएफआय फाइल थेट चालवत असाल तर मॉड्यूल ही भानगडच नाही. तिथे झेनची स्वतःची सीएफजी फाइल असते, आणि तिच्या विभागात कर्नल, रॅमडिस्क यांच्या जोडीला 'यूकोड' ही किल्ली देऊन कच्च्या फाइलचं नाव लिहायचं. नावांचा गोंधळ लक्षात ठेवा: ऑप्शन्सच्या ओळीतला यूकोड वेगळा आणि ही स्वतंत्र किल्ली वेगळी. दोन्ही दिले तर किल्लीतली फाइल जिंकते. इंटेलसाठी कच्ची फाइल करायला लिब-फर्मवेअरखालच्या इंटेल-यूकोड फोल्डरमधल्या फाइली कॅटने एकामागे एक जोडल्या तरी पुरे. झेन त्यातून जुळणारी निवडतो. या मार्गातला खरा धोका पुढे येतो. ही फाइल ईएफआयच्या पार्टिशनवर तुम्ही हाताने ठेवलेली असते, पॅकेज अपडेट झालं की ती आपोआप बदलत नाही. सहा महिन्यांनी पॅकेज नवं, फाइल जुनी, आणि कोणाच्या लक्षात नाही. पॅकेजनंतर फाइल पुन्हा बनवणारी छोटी स्क्रिप्ट त्याच दिवशी लिहून टाका.

आता खात्री कशी करायची. एक्सएल-डीमेसेज हा झेनचा स्वतःचा लॉग. त्यात मायक्रोकोड शब्द शोधा. अमुक कोअर अमुक आवृत्तीवरून तमुक आवृत्तीवर गेला अशी ओळ मिळायला हवी. ओळ नाही म्हणजे काम झालं नाही, असं लगेच ठरवू नका. दोन शक्यता आधी बाजूला काढा. पहिली: रिलीज बिल्डमध्ये माहितीवजा ओळी छापल्याच जात नाहीत, तेव्हा झेनच्या ओळीत लॉगलेव्हल सगळं दाखवायला सांगून पुन्हा बूट करा. दुसरी: हा लॉग गोलाकार बफरमध्ये असतो, भरला की सुरुवातीच्या ओळी पुसल्या जातात. महिनाभर चाललेल्या सर्व्हरवर बूटच्या ओळी शोधणं व्यर्थ आहे. बूट झाल्यावर लगेच बघा, किंवा कॉनरिंगचा (याच बफरचा) आकार वाढवा. नव्या आवृत्त्यांमध्ये झेन-यूकोड या साधनाला शो-सीपीयू-इन्फो दिलं की प्रोसेसरची सही (त्याचा ओळख-आकडा) आणि आत्ताची आवृत्ती सरळ छापून मिळते, ते सगळ्यात सोपं.

पण आकडा बदलला यावर मी थांबत नाही. मायक्रोकोड आपण चढवतो तो बहुतेक वेळा नव्या सुरक्षा सोयींसाठी. त्याच लॉगमध्ये स्पेक्युलेटिव्ह मिटिगेशनचा (प्रोसेसर अंदाजाने आगाऊ काम करतो त्यातल्या दोषांवरच्या उपायांचा) एक परिच्छेद असतो, त्यात हार्डवेअर काय काय देतं त्याची यादी असते: आयबीपीबी, आयबीआरएस, एसएसबीडी, एमडी-क्लिअर, एल१डी-फ्लश वगैरे. आधीच्या बूटचा हा परिच्छेद जपून ठेवा आणि नव्याशी ताडून बघा. ज्या दोषासाठी खटाटोप केला त्याची सोय यादीत आली का, हे इथे कळतं. उदाहरणार्थ मे २०१९ मध्ये जाहीर झालेल्या एमडीएस दोषासाठी (प्रोसेसरच्या आतल्या बफरमधून माहिती गळण्याचा) एमडी-क्लिअर दिसायला हवं. ते नसेल तर झेन बफर साफ करायची सूचना देतो, पण जुना मायक्रोकोड तिचा तो अर्थच लावत नाही.

फाइलच जुळत नसेल, म्हणजे साध्या लिनक्सखालीही काही लागत नसेल, तर नाव हाताने तपासा. इंटेलच्या फाइलींची नावं फॅमिली, मॉडेल, स्टेपिंग अशा तीन हेक्स आकड्यांची असतात. प्रोकमधली सीपीयूइन्फो मात्र हेच आकडे दशमानात दाखवते. समजा तिथे फॅमिली ६, मॉडेल ८५, स्टेपिंग ४ आहे. ८५ म्हणजे हेक्स ५५, तेव्हा तुमची फाइल ०६-५५-०४. मॉडेल ७९, स्टेपिंग १ असेल तर ०६-४एफ-०१. हे रूपांतर न करता ०६-८५ शोधत बसणारे बरेच असतात. नाव जुळूनही पॅच लागत नसेल तर प्लॅटफॉर्म फ्लॅग बघा. एकाच सहीचा (ओळख-आकड्याचा) प्रोसेसर वेगवेगळ्या सॉकेटसाठी येतो आणि पॅचच्या हेडरमध्ये कोणासाठी कोणता हे बिटांनी लिहिलेलं असतं. आणि प्रोसेसरमध्ये आधीच तीच किंवा अधिक नवी आवृत्ती असेल तर काही चढणारच नाही. अशा वेळी बायॉसने काम आधीच केलेलं असतं, तो दोष नव्हे.

०६-४एफ-०१ ची गोष्ट थोडी खास आहे. ही ब्रॉडवेल पिढीच्या सर्व्हर प्रोसेसरची फाइल. इंटेल ती वेगळ्या, 'विथ-कॅव्हिअट्स' नावाच्या फोल्डरमध्ये देतं, कारण चालू सिस्टमवर ती चढवली तर काही प्रोसेसर लटकू शकतात. काही वितरणं म्हणूनच ती नेहमीच्या ठिकाणी ठेवत नाहीत. तुमचा प्रोसेसर हा असेल तर पॅकेज असूनही फाइल नाही असं दिसेल. बूटच्या वेळी ती चढवायला हरकत नाही, पण मुद्दाम आत घ्यावी लागेल.

यावरून चालू मशीनवर मायक्रोकोड चढवण्याचा विषय निघतो, कारण पुढचा प्रश्न तोच असणार: रीबूट न करता झेन-यूकोडला फाइल देऊन काम भागेल का? साधन आहे, चालतंही. झेन सगळे कोअर एका बिंदूवर आणून थांबवतो, प्रत्येक कोअरचा एक थ्रेड पॅच लिहितो आणि त्याचा जोडीदार तोपर्यंत गप्प बसतो. दोन थ्रेड एकाच कोअरचा मायक्रोकोड वाटून घेतात, त्यामुळे एक लिहीत असताना दुसरा भलतंच काही चालवत असणं धोक्याचं. यासाठीच हे काम एनएमआय (रोखता न येणारा व्यत्यय) हँडलरमध्ये उरकलं जातं, म्हणजे मधे दुसरा एनएमआयही येऊ शकत नाही. फाइल एक्सझेड किंवा झेडएसटी ने दाबलेली असेल तर आधी उलगडून द्या. साधनाला कच्चीच लागते.

तरीही माझं उत्तर सहसा नाही असं असतं. प्रोसेसर काय देऊ शकतो हे झेन बूटच्या वेळी एकदाच विचारतो, त्यावरून स्वतःचा कोड जुळवून घेतो आणि गेस्टला काय दाखवायचं ते ठरवतो. नंतर चढवलेल्या पॅचने नवी सोय आली तरी तिचा वापर कोणी सुरू करत नाही. आकडा नवा दिसतो, संरक्षण जुनंच राहतं, आणि फसवं समाधान मिळतं. याहून वाईट म्हणजे काढून घेतलेली सोय. २०१४ मध्ये हॅसवेल प्रोसेसरमधल्या टीएसएक्स (मेमरीचे अनेक बदल एकत्र उरकणाऱ्या) सूचनांमध्ये दोष सापडला आणि मायक्रोकोडने त्या बंद केल्या. चालू लिनक्सवर तो पॅच चढवला तेव्हा आधीपासून चाललेले प्रोग्रॅम त्या सूचना आहेत असं धरून होते; सूचना आली की प्रोसेसरने ती बेकायदा ठरवली आणि प्रोग्रॅम कोसळले. लिनक्सने आता चालू सिस्टमवर चढवणं मुळातच बंद ठेवलंय आणि मुद्दाम केलं तर कर्नल कलंकित म्हणून नोंदवला जातो, त्यामागे असेच अनुभव आहेत. जिथे दोष फक्त प्रोसेसरच्या आतल्या वागण्यातला आहे, नवी सोय लागत नाही, आणि रीबूटची वेळ मिळायला आठवडे लागणार आहेत, तिथे हा मार्ग तात्पुरता वापरावा. पण त्याच वेळी बूटचा मार्गही दुरुस्त करून ठेवावा, नाहीतर पुढच्या रीबूटला सगळं मागे जाईल.

गेस्टमध्ये पॅकेज टाकण्याचा उपयोग नाही. सीपीयूआयडीमध्ये (प्रोसेसर स्वतःबद्दल सांगतो त्या माहितीत) हायपरवायझर असल्याचा एक बिट असतो, तो दिसला की लिनक्सचा लोडर स्वतःहूनच थांबतो. न थांबता लिहिलं असतं तरी केव्हीएम (लिनक्समधलाच हायपरवायझर) ते लिखाण मुकाट्याने टाकून देतो. गेस्टच्या सीपीयूइन्फोमध्ये दिसणारा आकडाही विश्वासाचा नाही. क्यूईएमयूमध्ये (केव्हीएमचे गेस्ट चालवणारा प्रोग्रॅम) ठरावीक मॉडेल दिलेल्या इंटेल गेस्टला नुसतं १ दिसतं. होस्ट मॉडेल जसंच्या तसं दिलं तर होस्टचा खरा आकडा दिसतो. हायपर-व्हीखाली (मायक्रोसॉफ्टचा हायपरवायझर) सगळे एफ दिसतात. हा आकडा बघून गेस्ट असुरक्षित आहे असा अहवाल देणारी तपासणी साधनं आहेत. तो अहवाल बाजूला ठेवा. गेस्टसाठी बघायचं ते सोयींचे फ्लॅग आणि सिसखालचं व्हल्नरेबिलिटीज फोल्डर. तिथे एखाद्या दोषापुढे 'नो मायक्रोकोड' असा शेरा असेल तर याचा अर्थ गेस्टपर्यंत सोय पोचलेली नाही.

ती पोचत नाही याची दोन कारणं वारंवार दिसतात. एक, गेस्टला जुनं नावाचं मॉडेल दिलेलं असतं आणि त्यात एमडी-क्लिअर किंवा एसएसबीडी जोडलेलं नसतं. ते कॉन्फिगमध्ये वेगळं जोडावं लागतं. दोन, गेस्ट पूर्ण बंद केलेला नसतो. केव्हीएमवर होस्ट बदलताना गेस्ट लाइव्ह मायग्रेशनने दुसरीकडे नेला आणि परत आणला, तर तो जन्मताना मिळालेलं सीपीयूआयडीच घेऊन फिरतो. आतून रीबूट दिलं तरी क्यूईएमयूची प्रक्रिया तीच राहते. गेस्ट बाहेरून बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. क्लस्टर असेल तर सगळ्या होस्टवर एकच मायक्रोकोड झाल्याशिवाय नवे फ्लॅग गेस्टला देऊ नका. अर्ध्या होस्टवर सोय नसेल तर मायग्रेशन अडेल.

केव्हीएमच्या होस्टवर यूकोड=स्कॅनचा संबंधच येत नाही, तिथे पहिला येणारा लिनक्सच आहे. व्हीएमवेअरचा ईएसएक्सआय हायपरवायझर स्वतःच्या सीपीयू-मायक्रोकोड पॅकेजमधून बूटला चढवतो. हायपर-व्हीवर विंडोजच्या एमसीअपडेट नावाच्या डीएलएलमधून ते होतं, आणि रजिस्ट्रीत सेंट्रलप्रोसेसरखाली अपडेट रिव्हिजन आणि प्रीव्हियस अपडेट रिव्हिजन असे दोन आकडे शेजारी-शेजारी बघायला मिळतात.

बायॉसचं काय? ते परिस्थितीवर अवलंबून आहे. वरचा मार्ग लागला की बहुतेक दोषांसाठी बायॉस थांबू शकतो. पण काही गोष्टी बायॉसनेच चढवलेल्या आवृत्तीवर ठरतात. एसजीएक्स (मेमरीचा भाग इतर कोडपासून कुलूपबंद ठेवणारी इंटेलची सोय) वापरत असाल तर हायपरवायझरने नंतर चढवलेला पॅच तिथे सहसा धरला जात नाही, तिथे बायॉस लागतो. एएमडीवर फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या एंट्रीसाइन दोषानंतर चित्र आणखी बदललं. तो दोष मायक्रोकोडची सही तपासण्याच्या पद्धतीतच होता, म्हणून लिनक्स आणि झेन दोघेही आता एएमडीचा पॅच ओळखीच्या हॅशशी (फाइलवरून काढलेल्या ठशाशी) ताडून बघतात आणि अनोळखी पॅच नाकारतात. या दोषाची खरी दुरुस्ती बायॉसमधूनच येते. एएमडीचा जुना बायॉस असलेल्या मशीनवर नवा पॅच नाकारला जात असेल तर आधी बायॉस अपडेट करा, मग बाकीचं. आणि पॅच नवा असून झेन जुना असेल, तर हॅशची यादी जुनी म्हणूनही नकार येऊ शकतो, तेव्हा झेनही अपडेट करा.

शेवटी, नव्या पॅचने मशीन बूटच झालं नाही तर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा. हे घडतं. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टरसाठी आलेल्या पहिल्या पॅचने हॅसवेल आणि ब्रॉडवेलची मशीनं अचानक रीबूट होऊ लागली आणि २२ जानेवारीला इंटेललाच ते वापरणं थांबवायला सांगावं लागलं. म्हणून प्रत्येक पिढीतल्या एकाच मशीनवर आधी लावा आणि चार-पाच दिवस खऱ्या कामाखाली चालू द्या. अडलात तर ग्रबच्या नोंदीवर ई दाबा, मल्टिबूट२ च्या ओळीत यूकोड=स्कॅन पुसून त्या जागी यूकोड=नो-स्कॅन लिहा आणि बूट करा; नुसतं पुसून भागेलच असं नाही, कारण तुमच्या झेनमध्ये स्कॅन मुळातच चालू असू शकतं. साध्या लिनक्सच्या नोंदीत हेच काम कर्नलच्या ओळीत डीआयएस-यूसीओडीई-एलडीआर लिहून होतं, मधे अंडरस्कोर. जुन्या पॅचवर परत जाण्यासाठी याशिवाय काही करावं लागत नाही: वीज बंद करा, पुन्हा चालू करा, बायॉसची आवृत्ती परत आलेली असेल. मशीन दूर कुठे असेल तर कन्सोलपर्यंत पोचायची सोय चालते का, हे मात्र पॅच लावण्याआधी तपासा, नंतर नव्हे.